सत्तावीस तारखेचा पाऊस

आंजीत कुणालाही विचारा, "काल पाऊस पडला का?" सरळ उत्तर मिळेल. प्रेमदास नगराळेंना विचारलं तर मिळायचं नाही. ते आधी चष्मा नाकावर चढवतात आणि उलट विचारतात, "कालचा म्हंजे कोनता? साडेआठच्या आंधीचा का नंतरचा?" विचारणारा शेतकरी बिचारा बियाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन उभा असतो. त्याला माती ओली झाली की नाही एवढंच हवं असतं.

पण प्रेमदासभाऊंचा तरी काय दोष? ते गावचे कोतवाल होते आणि एकोणतीस वर्षं त्यांनी पाऊस मोजला. तलाठी कार्यालयाच्या मागे तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक होतं. रोज सकाळी ठोक्याला साडेआठ वाजता त्यातली बाटली काढायची, पाणी काचेच्या मापात ओतायचं, गुडघ्यावर बसून डोळा रेषेला आणायचा, वहीत आकडा लिहायचा आणि तहसीलला कळवायचं. त्यात एक नियम होता. आज सकाळी साडेआठला बाटलीत जे पाणी सापडलं ते आजच्या तारखेला लिहायचं, मग ते काल दुपारी पडलेलं का असेना. म्हणजे सोमवारी दुपारी धो धो कोसळला तर वहीत सोमवार कोरडा आणि मंगळवार ओला. सगळीकडे असंच लिहितात. फरक एवढाच, की बाकीची माणसं आकडा लिहून झाला की माणसात येतात. प्रेमदासभाऊ कधी आलेच नाहीत. त्यांच्या लेकीच्या, पौर्णिमाच्या लग्नात भर मंगल परिणयात मांडव गळला, भाताच्या पातेल्यावर ताडपत्री धरावी लागली. पण ते आजही शपथेवर सांगतात की लग्न कोरडं झालं, पाऊस दुसऱ्या दिवशीचा होता.

गावालाही सवय झाली होती. प्रेमदासभाऊंनी पाऊस सांगितला की त्यातून एक दिवस वजा करायचा, की काम चोख.

तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. कुंपणात आता खांबावर यंत्र बसलंय, ते आपलं आपण कळवतं. तरी भाऊंनी घराच्या गच्चीवर स्वतःचं नरसाळं आणि बाटली मांडली आहे आणि वही चालूच आहे. ती कुणाला पाठवायची नाही, कुणी मागत नाही. कुणी छेडलं तर म्हणतात, "सवय हाय. तू दात घासतं ते तहसीलले कळवतं का?"

त्यांची बायको पंचफुलाबाई सेवाग्रामच्या दवाखान्यात आया होत्या. तीस वर्षं नोकरी केली. त्यांची सकाळची ड्युटी आठची. पण पावसाळ्याचे चार महिने भाऊंना साडेआठच्या आत आंजीला परत यावं लागे, म्हणून ते बाईंना सव्वासातलाच दवाखान्याच्या गेटवर सोडून गाडी वळवत. पाऊण तास बाई बाकावर बसून राहत. वॉर्डातल्या सिस्टर म्हणत, पंचफुला किती वक्तशीर बाई! वक्तशीर कसली, बाटली त्यांना लवकर आणून सोडत होती.

आणि मग बारा वर्षांपूर्वीचा तो दिवस. ऑगस्ट होता. भाऊ संध्याकाळी न्यायला आले तेव्हा आभाळ भरलेलं होतं. त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "नाई येत. घरी पोचतो आपन." वर्धा सुटली आणि वाटेत पावसाने असं गाठलं की समोरचा रस्ता दिसेना. आडोसा नाही, काही नाही. बाईंना दमा होताच. त्या रात्री श्वास लागला तो थांबेना. पाच दिवस त्या त्यांच्याच वॉर्डात, त्यांनी स्वतः अंथरलेल्या चादरींवर, नाकात नळी घालून पडून होत्या. भाऊ जिन्यात बसलेले. त्या पाच दिवसांत त्यांनी आपल्या एका वाक्याबद्दल स्वतःला जितके शिव्याशाप दिले तितके आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिले नसतील. बाई बऱ्या झाल्या. भाऊ नाही झाले. तेव्हापासून आभाळात कापसाच्या बोंडाएवढा ढग दिसला तरी ते बाईंना गाडीवर बसवत नसत.

म्हणूनच पंचफुलाबाईंची मागणी त्यांना झेपणारी नव्हती. मागच्या वर्षी मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाला साडी, नारळ, भाषणं झाली. गेटबाहेर आल्या, गाडीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अजी, तीस वर्सं या गेटपाशी गाडी थांबली. घर ते गेट, गेट ते घर. एक डाव मले असं न्या, का दिवसभर गाडी थांबलीच नाई पाह्यजे."

"कुठं नेऊ?"

"सांचीले."

हे काही त्यांनी त्या क्षणी सुचून म्हटलं नव्हतं. दर नोव्हेंबरात, शेवटच्या रविवारी, सांचीच्या विहारात बुद्धांचे शिष्य सारिपुत्त आणि महामोग्गलान यांच्या अस्थी दर्शनाला ठेवतात. आंजीच्या विहारातल्या बाया जाऊन येत आणि सांगत. पंचफुलाबाईंना कधी त्या रविवारची सुट्टी मिळाली नव्हती. आता सुट्टीच सुट्टी होती. रेल्वेने सहज जाता येतं हे त्यांनाही माहीत होतं, पौर्णिमाने दहादा सांगितलं होतं. पण बाईंचं म्हणणं एकच. रेल्वेत बसून जाणं म्हणजे कुणीतरी नेणं. गाडीवर जाणं म्हणजे आपण जाणं. यावर काय बोलणार!

भाऊ 'हो' म्हणाले आणि तयारीला लागले. तयारी कसली, मोहीमच ती. आंजीहून आर्वी, तळेगाव, आष्टी, वरूड, मग मध्यप्रदेशात मुलताई, बैतूल आणि पुढे. पाऊस आला तर कुठे शिरायचं याची त्यांनी यादी केली: कुठल्या किलोमीटरवर एसटीचा निवारा आहे, कुठे शाळेची पडवी, कुठे पेट्रोल पंप, कुठल्या पंपाचं छत एका बाजूने गळतं हेसुद्धा. ही माहिती त्यांनी फोनवर मिळवली. आष्टीच्या कोतवालाला फोन, वरूडच्या कोतवालाला फोन, त्याच्या ओळखीने पलीकडच्या कोटवाराला फोन. तिकडे कोतवालाला कोटवार म्हणतात, एवढाच काय तो फरक. पाऊस सगळेच साडेआठला मोजतात. तासन् तास गप्पा चालत.

आणि एवढं करून मागच्या नोव्हेंबरात ते गेले नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी नागपूरला चार मिलिमीटर पाऊस झाल्याचं त्यांनी ऐकलं. नागपूर काही वाटेत नव्हतं. तरी बेत रद्द. रविवार नाही तर नाही, स्तूप तरी बघून येऊ म्हणून फेब्रुवारीत ठरवलं, तेव्हा कुठेशी गारा पडल्या. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आडवा आला. आडवा आला म्हणजे टीव्हीवर आला, आंजीत चार दिवस लख्ख ऊन होतं. भरलेली पिशवी बाई रिकामी करत आणि साड्या परत कपाटात ठेवत. प्रत्येक खेपेला पिशवी रिकामी करायला त्यांना थोडा जास्त वेळ लागे, हे मात्र भाऊंच्या लक्षात आलं होतं आणि ते त्यांना टोचत होतं.

यंदा गोष्ट निराळी होती. बाईंचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, चार डिसेंबर. "मग गाडीवर मागे बसणं विसरा आजी," डॉक्टर म्हणाले, "निदान वर्षभर. पुढचं पुढे बघू." नोव्हेंबरचा शेवटचा रविवार तीस तारखेला येत होता. म्हणजे आता नाही तर बहुधा कधीच नाही. हे घरात कुणी मोठ्याने म्हटलं नाही, पण दोघांनाही ठाऊक होतं.

चोवीस तारखेला पौर्णिमा आली. ती बोरगाव मेघेला राहते, शाळेत शिक्षिका आहे. तिने चहा घेता घेता मोबाइल काढला.

"बाबा, आपल्या हिकडून बैतूलपर्यंत सत्तावीसले दुपारनंतर पाऊस दाखवते. बाकी सारं मोकळं हाय."

"सत्तावीसले दुपारनंतर?"

"हो. आंधी नाई, मंग नाई. तेवढाच."

भाऊंनी वही उघडली. एकोणतीस वर्षांचा हात तो, विचार करायच्या आधी चालला. सत्तावीसला दुपारी पडणारा पाऊस बाटलीत कधी सापडणार? अठ्ठावीसला सकाळी. त्यांनी अठ्ठावीस तारखेपुढे ठळक अक्षरात लिहिलं, 'पाऊस'. सत्तावीसपुढे लिहिलं, 'निरंक'. वही मिटली. पौर्णिमा वर्ध्याची बस पकडून गेली.

संध्याकाळी बेत पक्का करायला त्यांनी वही परत उघडली. त्यांचा स्वतःच्या डोक्यावर विश्वास नाही, वहीवर आहे. वहीत काय दिसलं? सव्वीस कोरडी. सत्तावीस कोरडी. अठ्ठावीसला पाऊस. एकोणतीस कोरडी. मग काय, सगळं सरळच होतं! त्यांनी पंचफुलाबाईंना समोर बसवलं आणि तालुक्याचा नकाशा समजावून सांगणाऱ्या साहेबासारखं सांगितलं:

"सत्तावीसले निघू. कोरडा दिवस हाय. बैतूलले मुक्काम. अठ्ठावीसले पाऊस हाय, तं दिवसभर बैतूललेच खोलीत बसून राहू, बाहीर पाय नाई टाकाचा. एकोनतीसले सांची. तीसले दर्शन. बोल."

बाईंनी वही आपल्याकडे ओढली. चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचली. थोडा वेळ त्या पानाकडे बघतच राहिल्या.

"काय पाहून राह्यली?"

"काई नाई," बाई म्हणाल्या. "तुमचं अक्षर पाहून राह्यली. सत्तावीसलेच निघू मंग. पन माह्यं एक आयका. पाहाटे साडेपाचले निघाचं. आन् मुलताईले रुख्मिणीकडं जेवाले थांबाचं."

रुख्मिणी म्हणजे बाईंच्याच वॉर्डातली जुनी आया. निवृत्त झाल्यावर मुलाकडे मुलताईला राहायला गेलेली.

"साडेपाचले? कोरडा दिवस हाय ना, आरामानं निघू आठले," भाऊ म्हणाले. "आन् मुलताई तं अकरा-साडेअकरालेच येईन. तिथं कायले थांबाचं? बैतूल गाठू ना सरळ."

"तिच्या हातचं जेवल्याबिगर मी पुढं येनार नाई," बाई म्हणाल्या आणि उठून भाकरी टाकायला गेल्या.

भाऊंना जरा नवल वाटलं. बाई सहसा हट्ट करत नाहीत. पण तीनदा रिकामी झालेली पिशवी आठवून ते कबूल झाले.

सव्वीस तारखेच्या पेपरात छापून आलं, 'जिल्ह्यात उद्या पावसाची शक्यता'. भाऊंनी मान डोलावली. उद्याचा पाऊस म्हणजे परवाच्या तारखेचा. हिशेब तंतोतंत जुळत होता. संध्याकाळी पौर्णिमाचा फोन आला तेव्हा त्यांनी हौसेने सांगितलं, "उद्या निघून राह्यलो आमी!" तिकडून ती काहीतरी ओरडली, पण बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बोलत बोलत परसात गेल्या. बराच वेळ बोलत होत्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "ती म्हनते, जपून जा."

सत्तावीसला पहाटे साडेपाचला गाडी निघाली. काळी गाडी, पुसून पुसून लखलखीत केलेली. मागे बाईंची पिशवी, त्यावर प्लास्टिकचा मोठा कागद घट्ट बांधलेला. कोरड्या दिवशी कागद कशाला, असं भाऊ म्हणाले, तर बाई म्हणाल्या, धूळ लागते. गावाबाहेर महादेवराव भेटले. म्हातारे रोज उजाडायच्या आधी शेताकडे निघतात.

"प्रेमदास, आज पानी सांगून राह्यले रे!"

"उद्या हाय, महादेवराव, उद्या!" भाऊंनी ओरडून सांगितलं.

महादेवरावांनी मान हलवली, एक दिवस वजा केला आणि वेचलेला कापूस कालच घरात घेतला ते बरं झालं असं मनाशी म्हणत पुढे गेले.

आर्वीचा रस्ता. थंडी बोचरी होती, पण हवा स्वच्छ. उजाडलं तसे दोन्ही बाजूंनी तुरीचे पिवळे ताटवे दिसू लागले. आणि पंचफुलाबाई बोलायला लागल्या. भाऊंना आधी वाटलं गाडीचाच काहीतरी आवाज आहे. मग कळलं, बाई बोलताहेत. ती बघा बैलजोडी. हे गाव कुठलं? त्या बाईच्या डोक्यावर केवढा भारा! इथली माती आपल्यापेक्षा काळी नाही का? आष्टी येईपर्यंत त्यांचं तोंड बंद झालं नाही. तीस वर्षं ही बाई याच सीटवर बसून गेली, पण अवाक्षर बोलत नसे. भाऊंना वाटायचं, तिला बोलायला आवडत नाही. ते खरं नव्हतं. तेव्हा पुढे ड्युटी होती, बेडपॅन होते, बारा तास उभं राहणं होतं. आज पुढे काही नव्हतं, नुसता रस्ता होता. भाऊंना फार बरं वाटलं. इतकं, की यादीतले दोन निवारे मागे पडले तरी त्यांनी खूण केली नाही.

वरूडला साडेनऊ वाजले. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग, ट्रक भरणं चाललेलं, सगळीकडे संत्र्याच्या सालीचा वास. चहाच्या टपरीवर बसल्यावर भाऊंनी सवयीने आभाळाकडे बघितलं आणि त्यांचा कप हातातच राहिला. पश्चिमेकडून करडी पट्टी वर आली होती. वाराही फिरला होता.

"हा उद्याचा ढग हाय," ते पुटपुटले. "लवकर आला."

"असन," बाई म्हणाल्या. "चहा संपवा. चला."

"परत फिराचं का? आष्टीच्या अलीकडच्या शाळेची पडवी..."

"चहा संपवा म्हनलं ना."

पुढच्या रस्त्यावर भाऊंनी आरशातून दर दोन मिनिटांनी मागे बघितलं. ढग मागे लागला होता. चढ लागला, गाडीचा वेग मंदावला. आणि जन्मभर 'हळू घ्या, हळू घ्या' म्हणणारी ही बाई मागून म्हणाली, "थोडी जोरात घ्या ना अजी!" भाऊंचं धाबं दणाणलेलं. त्यांना पुढचा रस्ता दिसत नव्हता, बारा वर्षांपूर्वीचा जिना दिसत होता. उजवीकडे पेट्रोल पंप आला, यादीतला, न गळणाऱ्या छताचा. त्यांनी वेग कमी केला. बाईंनी त्यांच्या पाठीवर बोटं टोचली. "थांबू नका. पोचतो आपन." ते वाक्य त्यांचंच होतं, बारा वर्षांपूर्वीचं. पण त्यांनी गाडी थांबवली नाही.

मुलताईला रुख्मिणीच्या मुलाचं घर सापडायला वेळ लागला नाही. तीच रस्त्याच्या तोंडाशी डोक्यावर पदर घेऊन उभी होती. गाडी अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये शिरली, भाऊंनी स्टँड लावलं आणि पहिले टपोरे थेंब टिनावर वाजले. दोन मिनिटांत समोरचं घर दिसेनासं झालं. बाईंच्या अंगावर थेंब नव्हता.

रुख्मिणीने टाळी वाजवली. "वा वं पंचफुला! फोनवर म्हनलं होतं, बाराच्या आत, पावसाच्या आंधी पोचतो. बरोब्बर पोचली! खिचडी तयारच हाय, तू म्हनली तशी."

भाऊ हेल्मेट काढत होते. ते तसेच थांबले.

"पावसाच्या आंधी?" त्यांनी विचारलं. "आज पाऊस हाय हे हिले कसं ठाऊक?"

रुख्मिणीने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मैत्रिणीकडे बघितलं आणि "खिचडी लागते खाली," म्हणत स्वयंपाकघरात पाय काढता घेतला.

भाऊ खुर्चीत बसले. आज सत्तावीस तारीख. सत्तावीसला दुपारनंतर, पौर्णिमा म्हणाली होती. आणि आपण लिहिलं अठ्ठावीसला. आपण आपल्याच हाताने पाऊस एक दिवस पुढे ढकलला आणि कोरड्या दिवशी बैतूलच्या खोलीत दार लावून बसायचं ठरवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. एकोणतीस वर्षांत एक आकडा चुकला नव्हता, आणि जेव्हा खरं काम पडलं तेव्हा अख्खा दिवस चुकला. बाई भिजल्या असत्या तर?

"तुले कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

पंचफुलाबाई समोरच्या खाटेवर पाय लांब करून गुडघा चोळत होत्या. "तुमी वही दाखवली तवाच. तुमाले ताप आला का बाटली कोन मोजे? मीच ना! तुमची तारीख कशी चालते, मले नाई मालूम?"

"आन् पौर्णिमाले?"

"तिले फोनवर सांगतलं. ती तं रडालेच लागली होती. मंग तिनं घंट्याघंट्याचं पाहून सांगतलं, वरूडच्या पुढं बारानंतर येईन म्हने. दुपारच्या आंधी मुलताई गाठाचं म्हून मी साडेपाचचं तं पह्यलेच धरलं होतं, ते बरोबर बसलं. उद्या परवा मोकळं हाय, मधात एक मुक्काम करून आरामानं जाऊ. माह्या गुडघ्यालेही बरं."

दीड वर्ष भाऊंनी यादी केली, कोतवाल-कोटवारांना फोन केले, आणि खरा बेत या बाईने भाकरी टाकता टाकता, परसात फोनवर बोलता बोलता केला होता. त्यांना राग आला. येणारच.

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं, तं तुमी निघाले असते?"

निघालो असतो, असं म्हणायला भाऊंनी तोंड उघडलं. पण ते आकड्यांचे माणूस, खोटा आकडा त्यांच्या हातून कधी लिहिला गेला नव्हता. ही चूक कळली असती तर त्यांनी वहीचं ते पान फाडलं असतं, पुन्हा पहिल्यापासून मांडलं असतं, अठ्ठावीसलाही कुठेतरी ढग सापडला असता, एकोणतीसला तर हमखास. रविवार गेला असता. मग चार डिसेंबर. आणि बाईंनी चौथ्यांदा पिशवी रिकामी केली असती.

"नाई," ते म्हणाले. "नसतो निघालो."

"मंग?"

टिनावर पाऊस असा वाजत होता की दोघांनाही जरा ओरडूनच बोलावं लागत होतं. भाऊ म्हणाले, "मले भेव वाटते पंचफुला. त्या खेपी मीच म्हनलं होतं, येत नाई म्हून. माह्या बोलन्यावर तू गाडीवर बसली आन्..."

"कोन म्हनलं तुमच्या बोलन्यावर बसली?"

भाऊंनी वर बघितलं.

"त्या दिवशी सिस्टर मले म्हने, पंचफुला, आभाळ भरलं, आज वॉर्डातच झोप. दोन डाव म्हनलं तिनं. मीच नाई थांबली," बाई म्हणाल्या. "मले दिसत नव्हतं का आभाळ? तीन दिवसांची लागोपाठ ड्युटी झालती. मले घरी याचं होतं, तुमच्या मांगं बसून याचं होतं. भिजीन तं भिजीन म्हनलं. तुमी काई बी म्हनलं असतं तरी मी बसलीच असती."

"हे बारा वर्सांत कधी बोलली नाई तू."

"तुमी इचारलं नाई. तुमी आपले आभाळाकडं पाहत राह्यले."

भाऊंनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. बारा वर्षं ते एक ओझं एकटेच वाहत होते. आपण या बाईला बुडवलं असं धरून चालले होते, आणि त्या पापाची भरपाई म्हणून तिला घरात कोरडी ठेवत होते. तिला कुणी बुडवलं नव्हतं. तिला यायचं होतं, म्हणून ती आली होती. तेव्हाही आणि आजही. त्यांना रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हीची त्यांना लाज वाटत नव्हती.

रुख्मिणी अंदाज घेत घेत ताटं घेऊन आली. वाफाळलेली खिचडी, वर तेलाची धार, बाजूला भाजलेला पापड आणि मिरचीचा ठेचा. तिने दोघांच्या तोंडाकडे बघितलं, भांडण मिटलेलं दिसलं, तशी निर्धास्तपणे वाढायला बसली.

भाऊंनी दोन घास खाल्ले. मग घास हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "पंचफुला, उद्या किती वाजता निघाचं?"

बाईंनी पापड मोडून अर्धा त्यांच्या ताटात ठेवला.

"उजाडलं का निघू," त्या म्हणाल्या. "जेवा आता, थंडं होते."